लांडगदऱ्यातली दुपार

अत्या,

करंजाखाली तुम्ही पदर तोंडावर ओढून बसला होतात आणि मी तुमच्याकडं पाठ करून दगड लावत होते. बोलत होते. बराच वेळ एकटीच बोलत होते. त्यातलं कुठवर तुम्ही ऐकलंत, एवढंच मला कळायला हवं होतं. बाकीचं मी सोसलं असतं.

गावात सगळे म्हणतात, प्रयागबाईला चांगलं मरण आलं. अंथरूण धरलं नाही, कुणाला उठवावं बसवावं लागलं नाही, डोंगरातच बसल्या जागी गेली. मी मान हलवते. त्यांना काय सांगू, की इतक्या जवळ असून तुम्ही नेमक्या कधी गेलात ते तुमच्या सुनेला ठाऊक नाही.

मी मुरूमहून लग्न होऊन आले तेव्हा मला डोंगर लांबूनसुद्धा आवडला नव्हता. आमच्याकडं सपाट काळी रानं, तूर आणि ऊस. माझी आई, माझी अव्वा, घरात कानडी बोलायची, आणि माझ्या मराठीत ते मधूनच डोकावायचं, म्हणून तुम्ही हसायचात. ‘मंगल’ अशी नावानं हाक तुम्ही मला जवळजवळ कधी मारलीच नाहीत. ‘मुरूमवाले’ म्हणायचात. मी घर सांभाळायची आणि तुम्ही उजाडायच्या आत टोळी घेऊन डोंगरात जायचात. संध्याकाळी परत आलात की अंगणात बसून लुगड्याला चिकटलेली कुसळं उपटायचात. हाताला ओरखडे, कपाळाला धूळ. मला वाटायचं, ही बाई कामावरून येते का भांडणावरून?

तुमचं काम काय आहे ते मला नीट कळायलाच वर्ष लागलं. बालाघाटाच्या आपल्या भागात वनखात्याचं जे रान आहे, त्यात रस्ता नाही, वस्ती नाही, फोन लागत नाही. आत जायला फक्त पायवाटा. गस्तीला गार्ड जातो त्या, पाणवठ्यावर जाणाऱ्या, आणि वणवा लागला की माणसं आत पोचवणाऱ्या. दरवर्षी पावसानं त्या खचतात, घाणेरीनं बुजून जातात. आठ-दहा बायकांनी कोयते, पहारी, कुदळी घेऊन आत जायचं आणि त्या मोकळ्या करायच्या. फांद्या तोडायच्या, ढासळलेल्या कडेला दगड लावायचे, पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून आडवे चर काढायचे. त्या टोळीच्या मुकादम तुम्ही. गावातला कुठलाही पुरुष तुमच्याशी दगडाच्या विषयावर वाद घालत नसे, आणि इतर कुठल्याही विषयावर तुम्ही त्याला वाद घालू देत नसात.

मग उमरगा आलं. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

मला मूल होत नव्हतं. तुम्ही त्यावरून कधी टोमणा मारला नाहीत, हे आधी लिहिते. एक दिवस भाकरी थापता थापता म्हणालात, “उमरग्याला एक डॉक्टरीण हाय. लई बायांना गुण आलाय तिचा. जाऊन ये.” धाराशिव जवळ होतं, लातूर होतं, सोलापूर होतं. उमरगा आपल्याला कुठल्या कुठं. पण मी विचारलं नाही. मुरूम तिथून जवळ, येताना अव्वाला भेटता येईल, एवढाच आनंद मला.

दवाखान्यातून बाहेर आले तर समोरच्या मेडिकलपाशी हे उभे. तुमचा दिगंबर. ट्रक घेऊन हैदराबादला गेलेत असं मी समजून होते. कडेवर चार-पाच वर्षांचं पोर. त्याचं कपाळ, त्याचे कान, सगळं तुमच्या घरातलं. आमची नजरानजर झाली. ह्यांच्या तोंडचा रंग उडाला, पण ह्यांनी पोराला खाली उतरवलं नाही. त्या सगळ्या दुपारीतलं मला तेवढंच लख्ख आठवतं, पोराला खाली उतरवलं नाही.

मी मुरूमला गेलेच नाही. उलटी एसटी धरून परत आले. तुम्ही चुलीपुढं होतात. मी काही सांगितलं नाही आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. डॉक्टरीण काय म्हणाली हेसुद्धा नाही. ताट वाढलंत, मी जेवले नाही, ताट झाकून ठेवलंत. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यापुढं एक कोयता आणि तुमचे जुने कापडी बूट ठेवलेत आणि म्हणालात, “चल.”

बूट मला मोठे होत होते. पुढं चिंध्या कोंबल्या आणि तुमच्यामागं चालू लागले. ती चालतच राहिले.

त्या पहिल्या महिन्यांत तुम्ही मला सारखं पुढं पाठवायचात. “तू म्होरं हो. त्या वळणापातुर साफ कर. आमी हळू येताव.” मला राग यायचा. नवी आहे म्हणून जुंपतात, वाटायचं. वळणापलीकडं एकटी गेले की कोयता टाकून बसायची आणि रडायची. मनासारखं, मोठ्यानं. रडून झालं की फांद्या तोडायला घ्यायची. बऱ्याच काळानं टोळीतल्या ठकूबाई बोलून गेल्या की मी वळणाआड गेले की तुम्ही टोळीला मागं थांबवून ठेवायचात. कुणी पाऊल उचललं की म्हणायचात, “बस की गं जरा, माझा गुडगा धरलाय.” तेव्हा तुमच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

हे असं होतं तुमचं. तोंडानं शिव्या आणि मागून सावली धरायची.

मी लावलेली पहिली दगडी पायरी बघून तुम्ही म्हणाला होतात, “पायरी हाय का चुलीचा दगड?” लाथ मारून काढलीत. दुसरी काढलीत. तिसरीवर तुम्ही उभ्या राहिलात, अंगाला झोके दिलेत, आणि काही न बोलता पुढं गेलात. मी पोटभर जेवल्यासारखी झाले होते.

आणि ती लांडगीण. लांडगदऱ्याच्या तोंडाशी, सकाळचं कोवळं ऊन आलेलं, आणि वाटेच्या मधोमध ती पिलांना पाजत बसलेली. कडेला नाही, आपल्या वाटेवर. तुम्ही हात मागं केलात आणि सगळी टोळी जागच्या जागी थिजली. टोळीतली शालन माझ्या दंडाला नखं रुतवून उभी. लांडगीण आपल्याकडं बघत राहिली, उठली नाही. तुम्ही हळूच म्हणालात, “फिरा मागं. तिचं काम चाललंय.” त्या दिवशी गार्डला काय सांगायचं यावर तुम्ही वाटभर विचार केलात आणि शेवटी काहीच सांगितलं नाहीत.

मग तुमचा गुडघा खरोखरच गेला. नव्या गार्डनं सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, आता मुकादम कोण?” टोळीत माझ्यापेक्षा जुन्या चार बायका होत्या. तुम्ही दगडावरून उठलासुद्धा नाहीत. “मुरूमवाली बघंल,” म्हणालात. झालं. मला विचारलं नाहीत, त्यांना विचारलं नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत तुम्हीही टोळीत हजर. मी सांगायची, दगड इथं लावा, तुम्ही मागून म्हणायचात, “मुकादमीण तीच हाय, आयका तिचं. पर त्यो दगड तितं बसायचा न्हाय.” बायका पदरात तोंड घालून हसायच्या. मला तुमचा इतका राग यायचा, अत्या. आज ते हसू ऐकायला मी कितीही डोंगर चढेन.

मागच्या पावसाळ्यात लांडगदऱ्याच्या मधल्या वळणावर कड्याचा पायथा सुटला. वाटेचा एक तुकडा, बैलगाडी उभी राहील एवढा, खाली गेला. त्याच्यावरचा कडा पोटातून पोकळ होऊन तसाच लोंबत राहिला. जायला उरली हातभर रुंदीची मुरमाड कड. गार्डनं उन्हाळ्यात विचारलं, पावसाच्या आत ठरवा. दऱ्यातलीच वाट बांधून काढायची, का ती सोडून डोंगराच्या धारेवरून नवी करायची?

आपण त्यावर वैशाखभर भांडलो. घरात भांडलो, वाटेत भांडलो, टोळीसमोर भांडलो.

“धारेवर सावली न्हाय,” तुम्ही म्हणायचात. “पानी न्हाय. वणवा लागला तर मानसं तितं पोचस्तवर वाळून जात्याल. दऱ्यात झरा हाय.”

“आणि कडा बायकांच्या डोक्यावर आला तर?”

“न्हाय यायचा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“म्या लहानपणापासून बघतीय त्याला.”

“बघितल्यानं कडा थांबतो का, अत्या?”

“तू मुरूमच्या उसातली. तुला काय कळतंय कड्यातलं?”

तुमचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. सावलीचं खरं होतं, झऱ्याचं खरं होतं. पण तुमच्या बोलण्यात कधी ‘जर’ नसायचा. जे धरून राहावं असं तुम्हाला वाटायचं ते धरून राहणारच, अशी तुमची समजूत होती. कडा असो, की माणूस.

त्या दिवशी संध्याकाळी गार्डला उत्तर द्यायचं होतं. तुम्ही म्हणालात, चल, जाग्यावर जाऊन बोलू. ऊन मरणाचं होतं, पण दऱ्यात करंजाखाली गारवा असतो. झऱ्याला तळाशी थोडं पाणी होतं. ठकूबाई, शालन आणि बाकीच्या घागरी भरायला खाली उतरल्या. तुम्ही खोडाला टेकून बसलात, माश्या येतात म्हणून पदर तोंडावर घेतलात. तुम्ही रोज तशाच बसायचात. मला नुसतं बसवेना, म्हणून वाटेच्या कडेचे सुटलेले दगड परत लावायला घेतले.

आधी वाटेचंच बोलले. म्हणाले, “मी गार्डला धारेवरची सांगणार आहे. तुम्हाला राग येईल, येऊ दे. उद्या यातली एक जरी गेली तर तिच्या घरच्यांना मी तोंड दाखवणार आहे, तुम्ही नाही.”

तुम्ही “हूं” केलंत. ते मी ऐकलं. नक्की ऐकलं.

मग मी बराच वेळ नुसते दगड लावत होते. एक मोठा दगड बसत नव्हता. तो फिरवता फिरवता, कसं कोण जाणे, तोंडातून निघालं. इतक्या वर्षांत निघालं नव्हतं ते. “अत्या, उमरग्याचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं का? माझ्या लग्नाच्या आधी?”

उत्तर आलं नाही. मला वाटलं, तुम्हाला राग आला. वाटलं, तुम्ही पदराआड डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलंय. मी वळून बघितलं नाही. वळायची हिंमत नव्हती. दगड लावत राहिले, आणि मग तेही नको वाटायला लागलं, एवढं कडू बोलून तसंच ठेवणं. म्हणून म्हणाले, “राहू द्या. बोलू नका. पण मी मुरूमला परत गेले नाही ना, ते तुमच्यामुळं गेले नाही. ह्यांच्यामुळं नाही राहिले मी इथं. तुमच्यामागं चालायला राहिले.”

तेवढ्यात बायका वर आल्या. ठकूबाईंनी तांब्या पुढं केला. “प्रयागे, पानी पी.” परत म्हणाल्या, “प्रयागे.” आणि पदर बाजूला केला.

तुमचे डोळे अर्धे उघडे होते. वाटेकडं बघत असल्यासारखे.

आता सांगा. पहिलं ऐकलंत, हे मला ठाऊक आहे. दुसरं ऐकलंत का? ऐकून गप्प राहिलात, की त्या प्रश्नानंच काळजावर घाव बसला? आणि ते शेवटचं, ते तरी? की ते मी नुसत्या करंजाच्या झाडाला सांगितलं?

तुम्हाला खाली आणायचं होतं. फोन लागत नव्हता. शालनची साडी सोडून, दोन लाकडांना बांधून झोळी केली. शालन परकरावर माझा टॉवेल गुंडाळून पुढच्या टोकाला उभी राहिली. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या, कुठून जायचं? धारेवर वाट नव्हतीच. नुसती काटेरी चढण, त्यातून झोळी निघाली नसती. म्हणजे तुमच्याच वाटेनं, त्या कड्याखालून.

मी म्हणाले, “बोलायचं न्हाय कुणी. माझ्या पावलावर पाऊल टाका.”

कड्याखाली पोचलो तेव्हा वरून बारीक खडे पडत होते. असे, कुणीतरी वरून चालतंय तसे. मी पुढं, उलट्या पावलांनी, झोळीचं टोक धरून, एकेकीला सांगत होते. शालनचा पाय मुरमात गेला आणि ती गुडघ्यापर्यंत खाली घसरली. झोळी तिरकी झाली. तुमचा हात बाहेर आला आणि कड्याला घासला. ठकूबाईंनी शालनच्या झिंज्या धरल्या, अक्षरशः झिंज्या धरून तिला वर ओढली. आम्ही पलीकडं गेलो. कडा पडला नाही. शालन बसली आणि म्हणाली, “मला दोन लेकी हायत्या ओ, मुकादमीण.”

गाव गोळा झालं. दिगंबर रात्री आले, आपल्या माणसांत बसले. दहावा झाला, तेरावा झाला. मी स्वयंपाकघरात. येणाऱ्या बायका माझ्या तोंडाकडं बघायच्या, सासू मेली तर सून एवढी का कोसळली म्हणून.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे गोठ्यापाशी बसले होते. भादरलेलं डोकं, उन्हात चकाकणारं. एकदम म्हातारे दिसले. मला म्हणाले, “आई शेवटी काय म्हणली?”

“काय न्हाय.”

“माझं नाव काढलं?”

“न्हाय.”

मग मीच विचारलं. तुम्हाला विचारलं होतं ते ह्यांना विचारलं. म्हटलं आता कुणाची भीती? “तुमचं उमरग्याचं अत्यांना लग्नाआधी म्हाईत होतं का?”

हे जमिनीकडं बघत “व्हय,” म्हणाले. “पाया पडून सांगितलतं म्या तिला. की मला हे लगीन नगं. आई म्हणली, पोरगी चांगली हाय. ती घरात आली की तू घरी ऱ्हाशील.”

गोठ्यात गाय शेपटी मारत होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

“म्या लई येळा म्हणलं, मंगलला सांगून टाकताव. तर म्हणायची, तू सांगू नगंस. तिला मी आनलीय, मीच सांगीन.” मग ह्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, “तू उमरग्याला आलीस त्याच्या आदल्या दिवशी तिनंच मला फोन केला व्हता. म्हणली, उद्या दुपारी पोराला घिऊन त्या दवाखान्यापुढच्या मेडिकलपशी हुबा ऱ्हा. कशाला म्हणलं, तर फोन ठिवून दिला.”

अत्या.

आठ-दहा बायकांना ओरडून कामाला लावायचात. गार्डला उन्हात ताटकळत ठेवायचात. लांडगिणीपुढं उभ्या राहिलात. आणि एक वाक्य तुमच्या तोंडून निघालं नाही. त्यासाठी तुम्ही मला एसटीत बसवून उमरग्याला पाठवलंत, माझ्या पोटासाठी म्हणून. त्या पोराला तिथं उभं केलंत. आणि मी परत आले तेव्हा ताट वाढलंत.

त्या सकाळी मी तुमचा फोटो भिंतीवरून काढून कोठीत ठेवला. संध्याकाळी परत लावला. दुसऱ्या दिवशी परत काढला. दिगंबर उमरग्याला गेले तेव्हा तो कोठीतच होता.

तुम्ही माझं वाटोळं केलंत आणि मग ते निस्तरायला माझ्यासोबत उन्हातान्हात चाललात. यातलं कुठलं खरं धरू? ज्या हातानं ढकललं त्याच हातानं कोयता दिला. मी कुणावर रागवायचं? आणि ज्या बाईनं मला वळणाआड रडू दिलं, ती मागं टोळी अडवून बसलेली असताना तिच्या मनात काय चाललं असेल? माझं रडणं तिला ऐकू येत असेल. वळण काही फार लांब नव्हतं.

पाऊस तोंडावर आला होता. गार्डला उत्तर द्यायचं राहिलंच होतं. मी टोळीला गोळा केलं, गार्डलाही बोलावलं. करंजाखाली तुमच्या जागेवर कुणी बसेना. ठकूबाईंनी भाकरीचा तुकडा तिथं ठेवला. जेवण चाललं असताना दऱ्यातून आवाज आला. पहारीनं दगड ठोकून बघावा तसा. ठक, ठक. थांबून परत, ठक. तुम्ही नवा दगड असाच तपासायचात. बायकांचे घास हातात राहिले.

गार्ड म्हणाला, “सुतार पक्षी आहे.” 

ठकूबाई म्हणाल्या, “पक्षी न्हाय. प्रयागा वाट बांधायलीय.” त्या माझ्याकडं वळल्या. “मंगल, तिच्या जिवात ही वाट हाय. हीच बांधू. तिच्या नावानं बांधू.”

गार्डनंही मान हलवली. म्हणाला, बाईंची आठवण राहील. बाकीच्या बायका माना हलवायला लागल्या. मी तुम्हाला सांगते अत्या, त्या क्षणी हो म्हणणं फार सोपं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही होतं.

“न्हाय,” मी म्हणाले. “ही वाट बंद.”

“तू तिचं ऐकणार न्हाईस?” ठकूबाई म्हणाल्या. “मेलेल्या मानसाचं?”

“जिवंतपणी ऐकलं. लई ऐकलं. तिच्या जिवात काय होतं ते ती आपल्याला सांगत नव्हती, ठकूबाई. आपण नुसतं मागं चालत होतो. तो कडा ऱ्हाईल असं तिला वाटत होतं. मला वाटत न्हाय. मुकादम मी हाय.”

ठकूबाई माझ्याकडं अगदी अनोळखी बाईकडं बघावं तशा बघत राहिल्या. मग शालन उठली. तिनं पहार खांद्यावर घेतली आणि धारेकडं चढायला लागली. तिच्यामागं एक गेली, मग दुसरी. ठकूबाई सगळ्यांत शेवटी गेल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

दऱ्याच्या तोंडाशी बोरीच्या काट्या मी एकटीनं रचल्या. कुणाला हात लावू दिला नाही. हाताला काटे गेले, ते काढले नाहीत लवकर. खालून तो आवाज येत होता, ठक, ठक. सुतारच असेल. मी रचत राहिले.

यंदाचा पाऊस तुम्ही बघितला नाहीत ते बरं. ओढ्याकाठची रानं खरवडून निघाली, माती सगळी खाली गेली. आमची धारेवरची वाट दोन ठिकाणी खचली, ती परत बांधली. सावली नाही, हे तुमचं खरंच. पाणी डोक्यावरून न्यावं लागतं, शालनची मान दुखते, मला शिव्या पडतात. आता श्रावण सरत आलाय.

आणि तुमचा कडा जागचा हललेला नाही, अत्या. एवढ्या पावसात नाही. वरून जाताना सगळ्या जणी खाली बघतात. ठकूबाई तर उभ्या राहून बघतात, आणि मग माझ्याकडं. कधी वाटतं, पडावा तो. एका रात्रीत सगळा खाली जावा, म्हणजे मला झोप लागेल. आणि कधी वाटतं, कधीच पडू नये. पडला तर तुमचं म्हणून इथं काय राहिलं?

काल बायका पुढं गेल्यावर मी त्या जागी थांबले. खाली धुकं होतं, त्यातून कड्याचं फक्त डोकं वर आलेलं. मी मोठ्यानं बोलले. या वेळी तोंड तुमच्याकडंच होतं.

म्हणाले, “तुमचंच खरं असेल. तरी तिकडून मी कुणाच्या लेकीला पाठवणार नाही.”